साडेपाच मिळव

त्या रविवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी बाईंचं विमान बंदी असलेल्या हवाई हद्दीत शिरलं. दहा पस्तीसला ते खाली उतरलं. त्यानंतर बाई विमानात बसल्या नाहीत.

या वेळा आपल्या घड्याळाच्या. बाईंच्या वहीत त्या चार चाळीस आणि पाच पाच अशा आहेत.

बाई म्हणजे माझ्या घरमालकीण. पनवेलच्या खांदा कॉलनीत त्यांचं रो-हाऊस होतं. खाली त्या, वर मी. इथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मला नोकरी लागली, तेव्हा सहा महिन्यांसाठी म्हणून मी ती जागा घेतली आणि अकरा वर्षं राहिले. जागा बघायला गेले त्या दिवशी त्यांनी गाव, आडनाव, लग्न, मांसमच्छी यातलं काही विचारलं नाही. थेट गच्चीवर नेलं. कोपऱ्यात पितळी तोंडाचा पर्जन्यमापक होता.

"तीन वाजता यातलं पाणी मोजायचं. रविवारी मी नसते. तू मोजशील?"

"मोजेन."

"याच्या आसपास पापड वाळत घालायचे नाहीत."

"मी पापड करत नाही."

"मग ये राहायला."

पहिल्याच रविवारी मी दुपारी तीन वाजता छत्री घेऊन गच्चीवर गेले, पाणी मोजलं आणि वहीत लिहिलं. सोमवारी बाईंनी वही बघितली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हे कधीचं?"

"तीनचं."

"दुपारच्या? अगं, दुपारी कोण पाऊस मोजतं? तीन म्हणजे साडेआठ. साडेपाच मिळव."

त्या हवामान खात्यात निरीक्षक होत्या. जगभरचे निरीक्षक एकाच क्षणी आकाश बघतात, म्हणून सगळ्यांची घड्याळं ग्रिनिचवर. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. नोकरी सुटली तरी बाई ग्रिनिचवरच राहिल्या. खालच्या खोलीत भिंतीवर एक गोल घड्याळ होतं, ते त्या वेळेवर चालायचं. घरात दुसरं घड्याळ नव्हतं. "अकराला चहाला ये" म्हणजे संध्याकाळी साडेचारला. मी एकदा सकाळी अकराला गेले तर त्या केसांना तेल लावून बसल्या होत्या. "लवकर आलीस," एवढंच म्हणाल्या आणि मला तेलाची वाटी धरायला लावली.

कोळीण दारावर यायची, तिला हे कधी पटलं नाही. टोपली उतरवत ती मला ऐकवायची, "बाय, हिचं घड्याल लंडनला हाय आनि प्वाट पनवेलात. मासली कवा घेवाची त्ये हिला कलत नाय."

"पापलेट ताजं आहे का ते सांग," बाई आतून म्हणायच्या.

"तुज्या टायमाला पकरलंय. लई ताजा हाय."

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात एक चाचा बसायचे. उरणकडचे, तीस वर्षं आखातात काढून आलेले. ते बाईंशी अदबीने बोलायचे, पण सोडायचे नाहीत. "बाई, मी दुबईहून परत आलो तेव्हा सहा महिने तिथलाच टाइम ठेवला होता. दीड तास मागे. बायको म्हणाली, मियाँ, बदन घरी आलंय, रूह कधी येणार? मग बदललं. तुमची कधी येणार?"

"माझी वर असते," बाई म्हणायच्या आणि गव्हाच्या पिठाची पिशवी उचलायच्या.

वर जाणं त्यांनी पन्नाशीत सुरू केलं. नोकरीत रोज वाऱ्याचा वेग मोजण्यासाठी फुगा सोडायचा आणि तो दिसेनासा होईपर्यंत दुर्बिणीतून त्याच्या मागे राहायचं, हे त्यांचं काम होतं. "सत्तावीस वर्षं फुगे सोडले," त्या म्हणायच्या, "एकानेही चल म्हटलं नाही." यजमान गेले, नोकरी सोडली, आणि त्यांनी घाटापलीकडच्या एका लहान फ्लाइंग क्लबात नाव घातलं. परवाना मिळायला चार वर्षं लागली. मी राहायला आले तेव्हा दर शनिवारी दुपारी त्या एसटीने घाट चढून जायच्या, क्लबच्या खोलीत मुक्काम करायच्या आणि रविवारी सकाळी क्लबच्या दोन आसनी विमानातून एकट्या एक फेरी मारायच्या. फेरी ठरलेली होती. प्रबळगडापर्यंत यायचं, गडाला वळसा घालायचा आणि परत. आमच्या गच्चीवरून गड दिसतो. मी पाणी मोजून झालं की तिकडे बघत थांबायचे. कधी एक ठिपका दिसायचा, कधी दिसला असं वाटायचं. त्यांच्यासाठी मी कठड्यावर चादर पसरून ठेवायचे.

"दिसली चादर?"

"दिसली. निळी."

"हिरवी होती."

"मग तुझा साबण वाईट आहे."

एवढ्या लांबून चादर दिसत नाही, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

कशा आहात असं विचारलं तर त्या आठव्या भागांत उत्तर द्यायच्या. आकाशाचे आठ भाग करायचे, त्यातले किती ढगांनी झाकलेत ते सांगायचं, ही त्यांच्या खात्याची रीत. "आज तीन," म्हणजे बरं चाललंय. "सात," म्हणजे गुडघा दुखतोय, बोलू नकोस. एकदा मी विचारलं, आठच्या पुढे काय? "नऊ आहे," त्या म्हणाल्या. "धुकं असलं की आकाशच दिसत नाही. मग किती झाकलंय ते सांगता येत नाही. तेव्हा नऊ लिहायचं." त्यांच्या तोंडून स्वतःबद्दल नऊ मी तोवर ऐकलं नव्हतं.

एका पावसाळ्यातल्या रविवारी मी पाणी मोजायला विसरले. सोमवारी आठवलं. मागच्या-पुढच्या दिवसांचे आकडे बघून मी मधला एक शोभेलसा आकडा लिहून ठेवला. बाईंनी तो एका दृष्टीत ओळखला. रागावल्या नाहीत. माझ्या आकड्यावर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'नोंद नाही.' मग म्हणाल्या, "दिसलं ते लिहायचं. नाही दिसलं तर नाही दिसलं. सुधारून लिहायचं नाही. सुधारलेल्या आकड्याने माणूस मरतो, नुसत्या चुकलेल्याने नाही. चुकलेला सापडतो."

ग्रंथालयात मी हे आमच्या नोंदवहीवर पेन्सिलने लिहून ठेवलं होतं. वागण्यात किती उतरलं, ते पुढे येईल.

शनिवारी संध्याकाळी माझं आणखी एक काम असायचं. आकाशात कुठे, कधी, कोणाला बंदी आहे याच्या सूचना वैमानिकांसाठी निघतात. कुठे सराव, कुठे तोफांचा मारा, कुठे मोठ्या पाहुण्यांचा दौरा. बाईंकडे बटणांचा फोन होता आणि दुसरा घ्यायला त्यांचा नकार होता. म्हणून मी कॉम्प्युटरवर त्या सूचना उघडायचे आणि फोनवर त्यांना वाचून दाखवायचे. त्यातल्या वेळा ग्रिनिचच्या असतात, म्हणजे बाईंच्याच. मी वाचायचे, त्या लिहून घ्यायच्या, मग प्रत्येक आकडा परत म्हणून दाखवायच्या. "शून्य तीन तीन शून्य ते शून्य सहा शून्य शून्य. बरोबर?" मी "बरोबर" म्हटल्याशिवाय फोन ठेवायच्या नाहीत. क्लबच्या फळ्यावरची सूचना बाईंच्या वहीवरून लिहिली जायची. तिथल्या कोणालाही त्यात वावगं वाटत नव्हतं. बाईंची वही म्हणजे बरोबर.

त्या रविवारच्या आधीच्या मंगळवारी बाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. वेळ संध्याकाळी साडेपाचची होती. बाईंनी आपल्या रीतीने वहीत बारा लिहिलं. आणि मंगळवारी फोनवर आपले बारा वाजलेले बघून भर दुपारी गेल्या. दवाखाना बंद होता. त्या पायरीवर बसून राहिल्या. तीन-साडेतीनला चाचा माल घेऊन तिकडून येत होते, त्यांनी पाहिलं आणि रिक्षाने घरी आणलं. मी कॉलेजातून आले तेव्हा बाई खोलीत वही उघडून बसल्या होत्या आणि बोटांवर काहीतरी मोजत होत्या. मला बघून त्यांनी हात पदराखाली घेतला.

मी साखर आणायला गेले तेव्हा चाचा हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, बुरा मानू नका. बाईंचा टाइम जरा बघत जा. उमर होते सगळ्यांची."

शनिवार आला. पनवेलच्या बाजूला कोणी मोठे पाहुणे यायचे होते. सूचना होती: रविवारी शून्य तीन तीन शून्य ते शून्य सहा तीन शून्य, अमुक इतक्या वर्तुळात लहान विमानांना बंदी. नकाशावर बघितलं तर प्रबळगड त्या वर्तुळात येत होता. म्हणजे आपल्या सकाळी नऊ ते दुपारी बारा.

फोन लावताना माझ्या डोळ्यांसमोर पदराखाली गेलेला हात होता. मी ठरवलं, आज त्यांना बेरीज करायला लावायची नाही. मी मनातल्या मनात साडेपाच मिळवले आणि म्हणाले, "बाई, उद्या प्रबळगडाच्या बाजूला बंदी आहे. नऊ ते बारा."

ही आपली वेळ आहे, एवढे शब्द मी म्हणाले नाही. म्हटलं असतं तर बेरीज मी केली हे त्यांना कळलं असतं, आणि मी ती का केली हेही कळलं असतं.

"शून्य नऊ शून्य शून्य ते एक दोन शून्य शून्य," बाई म्हणाल्या. "बरोबर?"

"बरोबर," मी म्हणाले.

रविवारी मी गच्चीवर गेले. डिसेंबरचे दिवस होते, मापकात काही नव्हतं. शून्य लिहिलं. नऊच्या पुढे दोन हेलिकॉप्टरं गेली. मला बरं वाटलं. बाई आता बारापर्यंत क्लबात चहा पीत बसणार, असं मनात आलं. चादर मी पसरली नाही.

दुपारी क्लबमधून ड्युटीवरच्या गृहस्थांचा फोन आला. "मॅडम, घाबरू नका. बाई सुखरूप आहेत. पण त्यांना बसवून ठेवलंय. पोलीस आहेत, हवाई दलाचे एक साहेब आहेत. वायरलेसवरून परत फिरवलं त्यांना."

"पण बंदी होती ना?"

"तेच तर. सकाळी मी विचारलं होतं त्यांना. म्हणाल्या, बंदी अडीचला लागतेय, तोवर मी परत येते. आम्ही फळ्यावरही तेच लिहिलं. बाईंनी सांगितलं म्हटल्यावर आम्ही कशाला परत बघतोय?"

मी फोन हातात धरून उभी होते. नऊ आणि साडेपाच, अडीच. मी केलेल्या बेरजेवर त्यांनी पुन्हा बेरीज केली होती. ती चुकली नव्हती. आदल्या मंगळवारी विसरलेली बेरीज त्यांनी या वेळी न विसरता केली होती.

एसटीने पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. क्लबच्या ऑफिसात बाई प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. समोर गार झालेला चहा होता. टेबलापलीकडचे साहेब वयाने माझ्याएवढे, बोलायला सौम्य होते. बाईंची वही त्यांच्यापुढे उघडी होती.

"मॅडम, सूचनेत वेळ स्वच्छ दिलेली आहे. तुमच्या वहीत दुसरीच आहे. ही कोणी सांगितली तुम्हाला?"

मी दारात उभी होते. बाईंनी मला पाहिलं होतं. त्यांनी नजर वहीवर नेली.

"अक्षर माझं आहे," त्या म्हणाल्या.

"ते दिसतंय. पण कोणी सांगितलं?"

"आमच्याकडे ज्याचं अक्षर त्याची नोंद. आणि विमानात मी एकटी होते."

साहेबांनी निःश्वास टाकला. "तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाने..."

"शिकलेलंच चुकतं. न शिकलेलं वर जात नाही."

तेव्हा एक पाऊल आत टाकून बोलायला हवं होतं. मला बोलता येत नव्हतं असं नाही. मी दाराची चौकट धरून उभीच राहिले. परतीच्या एसटीत बाई खिडकीशी बसल्या. मी विचारलं, "कशा आहात?"

"नऊ," त्या म्हणाल्या.

परवाना चौकशी होईपर्यंत जमा झाला. चौकशीला लेखी जबाब द्यायचा होता. मी तीन आठवडे घेतले. मग एका संध्याकाळी सगळं कागदावर लिहिलं: सूचना मी वाचली, वेळ मी बदलली, बदलल्याचं सांगितलं नाही, परत म्हणून दाखवली तेव्हा बरोबर म्हटलं. खाली सही केली आणि कागद बाईंपुढे ठेवला. "हा तुमच्या जबाबाला जोडा. परवाना वाचेल."

त्यांनी सावकाश वाचला. एके ठिकाणी 'अनवधानाने' असा शब्द होता, त्यावर लाल पेनने रेघ मारली.

"हे खोटं आहे," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"वायरलेसवर वेळ ऐकली तेव्हाच कळलं. बरोबर साडेपाचचा फरक. यंत्र असं चुकत नाही, माणूसच चुकतं, आणि तेही माया असलेलं." मग म्हणाल्या, "का केलीस बेरीज?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून."

"मंगळवारचं बघून?"

मी मान हलवली.

"म्हणजे मी चुकणार असं तुला वाटलं." त्यात राग नव्हता. आकडा परत म्हणून दाखवावा तसं त्यांनी ते म्हटलं, आणि मी "बरोबर" म्हणायची वाट बघितली. मग त्या म्हणाल्या, "मला तोंडावर सांगायचं होतंस, बाई, आता तुम्ही चुकता. मी भांडले असते. पण उडाले नसते."

कागदाची घडी करून त्यांनी घड्याळाच्या मागे खोचली. तो जबाबाला जोडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर स्टूल भिंतीशी होतं. बाई म्हणाल्या, "साडेसहा झाले, उशीर केलास." मी बाहेरच्या अंधाराकडे पाहिलं, मग भिंतीकडे. साडेसहा झाले होते. त्यांनी घड्याळ साडेपाच तास पुढे केलं होतं.

त्यानंतर बाई आपल्या वेळेवर राहिल्या. चहाला साडेचारला बोलवायच्या. कोळणीला पहिल्यांदा कळलं तेव्हा तिला आनंद व्हायला हवा होता. ती म्हणाली, "आता गं काय झालं हिला? बरी नाय काय?" चाचांनी तर दुकानात विषयच काढला नाही. दुबईबद्दलही बोलायचे थांबले.

सहा महिन्यांनी पत्र आलं. ताकीद देऊन, वैद्यकीय तपासणी आणि एक परीक्षा यांच्या अटीवर परवाना परत मिळणार होता. बाईंनी पत्र वाचून वहीत ठेवलं. मी तपासणीची वेळ घेऊ का असं दोनदा विचारलं. पहिल्यांदा म्हणाल्या, "बघू." दुसऱ्यांदा म्हणाल्या, "अगं, मला आता खात्री नाही." कशाची, ते मी विचारलं नाही. पाऊस मात्र त्या मोजत राहिल्या, आणि रविवारीही आता त्याच मोजायच्या.

त्या गेल्या त्याला तीन वर्षं होतील. छातीत पाणी झालं होतं. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात नर्स वेळ सांगून गोळ्या द्यायची, तेव्हा बाईंचे ओठ हलायचे. मी जवळ वाकून ऐकलं. त्या बेरीज करत नव्हत्या. साडेपाच वजा करत होत्या. उत्तर दर वेळी बरोबर होतं.

घर त्यांच्या भाच्याने विकलं. मी आता नवीन पनवेलात दुसऱ्या सेक्टरमध्ये राहते. विमानतळ सुरू झालाय, विमानं आमच्या डोक्यावरून जातात, त्यांच्या आवाजात कधीकधी बोलणं थांबवावं लागतं. भाचा म्हणाला, काही हवं तर घेऊन जा. मी घड्याळ मागितलं. भिंतीवरून काढताना मागचा कागद खाली पडला. घडी तशीच होती. लाल रेघेखाली बाईंनी आणखी एक ओळ लिहिली होती, ती मी तोवर पाहिली नव्हती: 'मी विचारायला हवं होतं, कोणती वेळ.'

कागद माझ्याकडे आहे. घड्याळ मी साडेपाच तास मागे केलं आहे. बेरीज माझी मी करते.